अठरा दिवसांत चित्रपट संपवायला सांगितलंय, काय करू?

*ताई, मी साताऱ्याची. गेली काही वर्षं मुंबईत एका मराठी मालिकेच्या प्रॉडक्शनमध्ये सहायक म्हणून काम करते. एकांकिका स्पर्धांपासूनचा माझा मित्र आता पहिला चित्रपट दिग्दर्शित करतोय आणि त्यानं मला लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगचं वेळापत्रक आणि खर्च सांभाळणारी, म्हणून बोलावलंय. निर्माते आमच्याच जिल्ह्यातले व्यावसायिक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचाही हा पहिलाच चित्रपट. शूटिंग जानेवारीत, वाई आणि आसपासच्या गावांत. पटकथा ९६ पानांची, १०४ सीन, २२ लोकेशन्स. त्यात १८ सीन रात्रीचे, एक जत्रा, एक बैलजोडी, आणि मुख्य भूमिकेत १० वर्षांचा मुलगा, तो निम्म्या सीनमध्ये आहे. मी २६ दिवसांचं शेड्यूल काढलं, रोजचा खर्च साधारण ३ लाख. अण्णा म्हणतात, १८ दिवसांत उरका. ‘सोळा-अठरा तास काम केलं की होतं. मालिकेत नाही का रोज एपिसोड निघत?’ युनिटचं जेवण त्यांच्या घरून येणार. करार नकोत, कारण सगळी आपलीच माणसं. माझ्या मानधनाचं ‘शेवटी बघू, तू घरचीच आहेस’. दिग्दर्शक मित्र एकही सीन सोडायला तयार नाही, वर म्हणतो, ‘तू आहेस ना, तू करशील मॅनेज.’ रविवारी मीटिंग आहे. हो म्हटलं तर युनिटचे हाल दिसतात, नाही म्हटलं तर संधी जाते. — प्रॉडक्शनवाली, सातारा*

प्रिय प्रॉडक्शनवाली,

१८ दिवसांना होकार देऊ नकोस. पण २६ दिवसांवरही अडून बसू नकोस. तुझे २६ दिवस पटकथा आहे तशी धरून निघालेत आणि अण्णांचे १८ दिवस पटकथा न उघडता. या चित्रपटाला नेमके किती दिवस लागतात ते अजून तुम्हा तिघांपैकी कुणीच एका टेबलाशी बसून काढलेलं नाही. लाइन प्रोड्यूसरचं काम पैसे वाचवणं आहे असं सगळे समजतात. माझ्या मते त्याआधीचं काम वेगळं आहे: कशाला किती वेळ लागतो हे सगळ्यांत आधी, स्पष्ट आणि लेखी सांगणं. पैसा त्यातूनच वाचतो किंवा बुडतो.

अण्णांच्या मालिकेच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण तो मुद्दा खोटा नाही आणि रविवारी तोच पुन्हा येणार आहे. मालिकेचा जवळपास बावीस मिनिटांचा एपिसोड दिवसभरात निघतो हे तू रोज पाहतेस. पण तो कसा निघतो हेही तूच पाहतेस. दिवाणखाना तोच, लाइट महिनोन् महिने वर टांगलेले, दोन-तीन कॅमेरे एकदम चालू, कलाकारांना पात्र पाठ, मेकअप रूम दहा पावलांवर. तुझ्या चित्रपटात कॅमेरा एक आहे आणि लोकेशन्स २२. प्रत्येक ठिकाणी लाइट नव्यानं लावायचे, जनरेटरची केबल नव्यानं ओढायची, कोंबडा आणि पिठाची गिरणी बंद होईपर्यंत साउंडवाल्यानं थांबायचं. हे अण्णांना ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांना चिडून सांगू नकोस, एक सीन घेऊन तासागणिक उलगडून दाखव.

आता पानांचा हिशेब. ९६ पानं १८ दिवसांत म्हणजे दिवसाला सव्वापाच पानांहून जास्त. २६ दिवसांत म्हणजे साधारण पावणेचार. कागदावर फरक दीड पानाचा दिसतो, सेटवर तो फार मोठा असतो. जानेवारीत वाईकडे सूर्य सवासहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगरांमुळे कामाचा उजेड त्याच्या आधीच जातो. युनिटला सातचा कॉल, म्हणजे हजर राहायची वेळ, ठेवलास तरी पहिला शॉट नऊच्या आसपास लागेल. नऊ ते पावणेसहा, मधला जेवणाचा तास वजा केला की हातात पावणेआठ तास. एका पानाला सरासरी सहा शॉट धर. सव्वापाच पानांचे बत्तीस शॉट होतात, म्हणजे शॉटमागे साडेचौदा मिनिटं. त्यात लाइटिंग, रिहर्सल, रिटेक, सगळं आलं. दुपारी एकदा लोकेशन बदललं आणि त्यात दीड तास गेला की शॉटमागे बारा मिनिटंही उरत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाकडून रडण्याचा सीन बारा मिनिटांत काढायचा?

मुलाचंच पुढे सांगते, कारण १८ दिवसांचं गणित मुळात तिथेच मोडतं. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत मनोरंजन क्षेत्रातल्या मुलांसाठी स्पष्ट मर्यादा आल्या. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. मुलाची जबाबदारी घेणारं माणूस नेमायचं, शाळा बुडणार नाही याची सोय करायची, आणि त्याच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. आता तुझे आकडे घे. मुलगा निम्म्या सीनमध्ये म्हणजे ४८ पानं. तुझ्याच २६ दिवसांच्या गतीनं एका पानाला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ४८ पानांना सुमारे १०० तास झाले. रोज ५ तास म्हणजे २० दिवस. १८ दिवसांत त्याला रोज बोलावलंस, एकही दिवस सुट्टी दिली नाहीस, तरी १० तास कमी पडतात. म्हणजे १८ दिवसांचं शेड्यूल पाळायचं तर मुलाला कायद्यापेक्षा जास्त राबवावं लागणार. हे वाक्य रविवारी जसंच्या तसं बोल. नियमाचा बडगा म्हणून बोलू नकोस. ते मूल आहे, रात्री अकराला त्याचे डोळे मिटायला लागतात. ‘एवढा शेवटचा शॉट बाळा’ म्हणत त्याला जागं ठेवणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत आणि ते मला कधीही सहन झालेलं नाही.

पैशाचं गणितही अण्णांच्या बाजूनं नाही. त्यांच्या डोक्यात सरळ हिशेब आहे: ८ दिवस कमी, रोजचे ३ लाख, म्हणजे २४ लाख वाचले. पण अठरा तासांचा दिवस ३ लाखांत होत नाही. बारा तासांनंतर लाइटवाले, स्पॉटदादा, मेकअप, ड्रेसमन, कॅमेरा अटेंडंट सगळ्यांची दीड शिफ्ट होते. जनरेटरचं डिझेल वाढतं, गाड्यांचे तास वाढतात, रात्रीचं आणखी एक जेवण लागतं. तुझ्या रोजच्या ३ लाखांपैकी शिफ्टवर चालणारा भाग १ लाख ८० हजार धरला तर त्यात ९० हजारांची भर पडते. ३ लाख ९० हजार गुणिले १८ म्हणजे ७० लाख २० हजार. २६ दिवसांचे होतात ७८ लाख. वाचले पावणेआठ लाख, चोवीस नाहीत. आणि एवढ्या घाईत राहून गेलेल्या सीनसाठी नंतर दोन दिवसांचं पॅचवर्क, म्हणजे उरलेल्या शॉटचं जोडशूटिंग, करावं लागलं, की कलाकारांच्या तारखा, गाड्या, राहणं, सगळं नव्यानं आलं. पावणेआठ लाख तिथे संपतात. शिवाय तोवर ऊस तुटलेला असेल. हे फक्त आपल्याकडच्या माणसालाच सुचेल म्हणून सांगते: गळीत हंगामात शेताची कंटिन्युइटी, म्हणजे सगळ्या सीनमध्ये शेत सारखंच दिसणं, तुमच्या हातात नसते, ती कारखान्याच्या तोडणीच्या पाळीवर असते. पहिल्या दिवशी माणसाच्या डोक्यावर गेलेला ऊस दहाव्या दिवशी पाचट झालेला असतो. उसातले जितके सीन आहेत ते सलग आणि आधी उरक. शेतकऱ्याशी बोलून तोडणीची तारीख विचारून घे.

आता मित्राकडे वळू, कारण तुझी खरी अडचण अण्णा नाहीत, तो आहे असं मला पत्र वाचताना वाटलं. ‘तू करशील मॅनेज’ हे कौतुक वाटतं, पण त्यात त्यानं स्वतःचा निर्णय तुझ्यावर टाकलाय. २२ लोकेशन्स हा दिग्दर्शकाचा निर्णय आहे, त्याची किंमतही त्यालाच दिसली पाहिजे. मीटिंगच्या आधी, शक्यतो शनिवारी, त्याच्यासोबत बस. चीफ एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक, ठरला असेल तर त्यालाही बोलाव. सगळ्या सीनचं ब्रेकडाऊन, म्हणजे कुठल्या सीनला काय आणि कोण लागतं याची यादी, समोर ठेव आणि तीनच प्रश्न विचार: हा सीन काढला तर गोष्ट अडते का? हा सीन रात्रीच हवा का? हा सीन वेगळ्याच जागी हवा का? सीन छाटायला बसलोय असं म्हणू नकोस. जत्रा किंवा शेवट यांना हवा तेवढा वेळ मिळावा म्हणून वेळ शोधायला बसलोय असं म्हण, कारण तेच खरं आहे.

पहिल्या चित्रपटाच्या पटकथेत माणसं चालत जातानाचे, एसटीत बसल्याचे, दारात निरोप घेतल्याचे सीन हमखास जास्त असतात. त्यातले दहा-बारा जातील आणि कुणाला त्यांची आठवणही येणार नाही. १०४ चे ९२ झाले, ९६ पानांची ८६ झाली असं धरू. १८ रात्रीच्या सीनपैकी घराच्या आतले जेवढे आहेत ते खिडक्या झाकून दिवसा घेता येतात, हे तुझा डीओपी (छायालेखक) लगेच सांगेल. आणि २२ लोकेशन्सपैकी निम्मी एकाच आवारात बसवता येतात का बघ. वाईत, मेणवलीत, आसपासच्या गावांत असे जुने वाडे आहेत, जिथे माजघर एका घराचं, सोपा दुसऱ्या घराचा आणि परसदार तिसऱ्याचं होऊ शकतं. आर्ट डिरेक्टरला दोन दिवस आधी आत सोड, तो हे काम आनंदानं करेल. लोकेशन्स २२ वरून १२ वर आली की रोजचा तो दीड तास वाचतो, आणि बचत खरी तिथे आहे.

मग दिवस किती होतात? ८६ पानं, दिवसाला सरासरी ३.९ पानं, २२ दिवस. बारा तासांची शिफ्ट. मुलाची ४३ पानं झाली, त्याला साधारण १८ दिवस, रोज ५ तासांच्या आत बसतात. २२ गुणिले ३ लाख म्हणजे ६६ लाख, वर एक राखीव दिवस धर, ६९ लाख. अण्णांच्या अठरा-अठरा तासांच्या १८ दिवसांपेक्षा हे सुमारे सव्वा लाखानं स्वस्त आहे, आणि त्यात कुणी अपुऱ्या झोपेनं गाडी चालवत नाही. राखीव दिवस मात्र सोडू नकोस. अण्णा पहिला घाव त्यावरच घालतील. जानेवारीत पाऊस नाही पडला तरी कलाकाराला ताप येतो, जनरेटर बंद पडतो, गावात कुणाचं तरी निधन होतं आणि त्या दिवशी तिथे कॅमेरा काढणं माणुसकीला धरून नसतं.

झोपेचं आणखी थोडं बोलते. पॅकअप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल यांत किमान ११ तास ठेव. अठरा तास काम केलं की उरतात सहा. त्यातले येणं-जाणं, आंघोळ, जेवण गेलं की झोप चार तासही होत नाही. युनिटमध्ये सगळ्यांत शेवटी निजणारा आणि सगळ्यांत आधी उठणारा माणूस ड्रायव्हर असतो. कॉलशीटवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी किती वाजता यायचं त्या कागदावर, त्याचं नावही अनेकदा नसतं. तुमची राहण्याची सोय पाचगणीत असेल तर तो रोज पहाटे आणि रात्री पसरणीचा घाट उतरणार-चढणार, खाली आला की रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. म्हणून राहणं वाईतच ठेव, खोल्या साध्या असल्या तरी चालतील. रात्रीचे जे सीन उरतील ते विखुरू नकोस, सलग चार रात्रींचा एक गट कर, त्यानंतर पूर्ण सुट्टी दे, मग दिवसाच्या शिफ्टला ये. ड्रायव्हरचे तास कॉलशीटवर लिही. युनिटचा अपघात विमा आणि कॅमेऱ्याचा विमा या दोन ओळी बजेटमधून कुणी खोडल्या तर पुन्हा लिही.

तारखा ठरवताना पौष पौर्णिमा कधी आहे ते बघ. मांढरदेवीची यात्रा त्या वेळी असते. वाईचे रस्ते आणि लॉज भरलेले असतात, पोलिसांचं सगळं लक्ष तिकडे असतं. त्या आठवड्यात तुला बंदोबस्त मिळणार नाही आणि मागूही नयेस. तुझी पडद्यावरची जत्रा वेगळ्या गावात, वेगळ्या आठवड्यात, आपली माणसं उभी करून घे. खऱ्या यात्रेत कॅमेरा घुसवायचा मोह दिग्दर्शकाला होईल, तो तू अडव.

बैलजोडीचं काम दिसतं त्यापेक्षा लांब आहे. प्राणी पडद्यावर दिसणार असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते आणि पुढे सेन्सॉरकडे जाताना त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं जातं. ‘गावातलाच बैल आहे, कोण विचारतंय’ असं म्हणणारे भेटतील. विचारलं जातं ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, जेव्हा प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असते. सरकारी जागांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, तिथून अर्ज कर. ग्रामपंचायतीचं पत्र वेगळं घे, वाडामालकाचं वेगळं. वाईकरांनी आपल्यापेक्षा जास्त शूटिंग पाहिलंय, तेव्हा भाडं, वेळ, भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, सगळं आधीच लिहून घे.

जेवण अण्णांच्या घरून येणार, हे वाचून मी थांबले. साठ-पासष्ट माणसांचा सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्री उशीर झाला तर पुन्हा जेवण, हे २२ दिवस अण्णा करणार नाहीत. त्यांच्या घरातल्या बायका करणार. आपल्या चित्रपटसृष्टीची सुरुवातच अशी झाली आहे. १९१३ च्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी दादासाहेब फाळके यांच्या साऱ्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केला, फिल्मला छिद्रं पाडणं, फिल्म धुणं त्या शिकल्या, आपले दागिनेही त्यांनी दिले. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे, आणि म्हणूनच शंभराहून जास्त वर्षांनी एखादं बजेट कुणा बाईच्या फुकट श्रमांवर उभं राहावं हे पटत नाही. अण्णांना सांग की मुहूर्ताच्या दिवशीचं जेवण तुमच्या घरचं, बाकी सगळे दिवस केटरर. त्याच महिलांना किंवा गावातल्या बचत गटाला ते काम करायचं असेल तर रीतसर दर ठरवून, माणसं आणि भांडी देऊन करू दे. जेवण वेळेवर आलं नाही की पूर्ण युनिट थांबतं, आणि घरच्या माणसांना उशिराबद्दल बोलता येत नाही.

याच ओघात दोन गोष्टी, त्यांवर फार चर्चा नको. बाहेरच्या लोकेशनवर बायकांसाठी वेगळं, पाणी असलेलं स्वच्छतागृह रोज हवं, आणि ते फक्त नायिकेच्या व्हॅनिटीपुरतं नको. १० किंवा अधिक माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते. समितीतल्यांची नावं आणि फोन नंबर पहिल्या कॉलशीटवर छाप.

करारांबद्दल. ‘सगळी आपलीच माणसं’ असतील तर लिहून द्यायला हरकत नसावी. मोठा दस्तऐवज नको, साध्या मराठीत एक पान पुरे: काम काय, किती दिवस, किती तासांची शिफ्ट, दर किती, पैसे कोणत्या तारखेला, राहणं-प्रवास कोणाकडे, श्रेयनामावलीत नाव कसं, शूटिंग पुढे गेलं तर काय. मालिकांत नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची जी रीत आहे तिचा त्रास तू स्वतः सोसला असशील, ती इथे आणू नकोस. रोजंदारीच्या माणसांचे पैसे दर आठवड्याला, जत्रेतल्या गावकऱ्यांचे त्याच संध्याकाळी.

लेखक आणि संगीतकार यांचे करार मात्र वकिलाकडून कर. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांसाठी धरले जातात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. उद्या एखादी वाहिनी किंवा ओटीटी चित्रपट घ्यायला आली, तर ट्रेलरच्या आधी ही कागदपत्रं मागेल. अण्णांना ही गोष्ट लगेच कळेल. जमिनीचा व्यवहार ते सात-बारा न बघता करत नसतील.

चित्रपटासाठी वेगळं बँक खातं उघडायला लाव. धनादेशावर अण्णांची आणि तुझी, दोन्ही सह्या. रोख शक्य तितकी कमी ठेव, एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, तेव्हा अण्णांच्या सीएला पहिल्याच आठवड्यात भेट. शासनाचं अनुदान बजेटच्या जमेत कुणी धरलं असेल तर काढ. ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावरचं काम आहे, त्यावर डिझेल येत नाही.

आणि तुझं मानधन. ‘तू घरचीच’ म्हणणारा माणूस वाईट असेलच असं नाही, अण्णा कदाचित मनापासून म्हणत असतील. तरीही तुझा आकडा बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत लिही, तीन हप्त्यांत: काम सुरू करताना, शूटिंगच्या पहिल्या दिवशी, शेवटच्या पॅकअपला. साठ माणसांच्या पैशांसाठी तुला भांडायचं आहे. स्वतःचे मागताना लाजणारी बाई दुसऱ्यांचे मागताना कमी पडते, हे मी या धंद्यात अनेक मुलींच्या बाबतीत पाहिलंय. त्या हुशार होत्या, राबणाऱ्या होत्या, आणि दोन चित्रपटांनंतर घरी परतल्या कारण खोलीचं भाडं भरता येईना.

रविवारी तोंडी वाद घालू नकोस. तीन पानं घेऊन जा. पहिल्यावर १८, २२ आणि २६ दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी. दुसऱ्यावर मुलाच्या तासांचं गणित. तिसऱ्यावर दिग्दर्शकानं स्वतः सोडलेल्या सीनची आणि एकत्र केलेल्या लोकेशन्सची यादी, त्याच्या सहीनं. ही सही महत्त्वाची, कारण मग अण्णांसमोर तुम्ही दोघं एका बाजूला बसलेले असाल. बोलायला असं बोल: ‘अण्णा, तुमचे पैसे वाचवायचेत हे मला मान्य आहे. अठरा तासांच्या दिवसांनी ते वाचत नाहीत, हे पाहा. बावीस दिवसांत मी चित्रपट पूर्ण करून देते, आणि रोज संध्याकाळी किती पानं झाली, किती खर्च झाला हे तुम्हाला एका कागदावर देते.’ रोजचा तो कागद खरंच दे. पहिल्यांदा पैसा घालणाऱ्या माणसाला सगळ्यांत जास्त भीती असते ती आपल्याला काही कळत नाही आणि लोक आपल्याला लुटतायत याची. कागद रोज हातात आला की ती निम्मी कमी होते, आणि मग तो सेटवर येऊन स्पॉटदादांच्या चहाचे कप मोजत बसत नाही.

अण्णा तरीही १८ वर अडले तर नाही म्हण. तिथल्या तिथे, शांतपणे, आणि त्याच रात्री मेसेजवर लिहून: ‘या शेड्यूलमध्ये मुलाची आणि युनिटची काळजी घेणं मला शक्य नाही, म्हणून मी हे काम घेऊ शकत नाही. ब्रेकडाऊन सोबत पाठवते, जो कुणी येईल त्याला उपयोग होईल.’ रेकी, म्हणजे लोकेशन्सची पाहणी, सुरू होण्याच्या आधीचा नकार कुणाचं नुकसान करत नाही. सातव्या दिवशी सोडून जाणं सगळ्यांचं करतं. संधी जाईल ही भीती मी समजू शकते, साताऱ्याहून मुंबईत येऊन टिकलेल्या मुलीला ती वाटणारच. पण असं ब्रेकडाऊन करू शकणारी माणसं मराठीत फार नाहीत, आणि डीओपी, एडी, आर्टवाले एकमेकांना सांगत असतात की अमुक जण वेळेवर पॅकअप करते आणि वेळेवर पैसे देते. पुढची कामं त्यातून येतात.

होकार आला तर सोमवारी पहिलं काम मुलाच्या अर्जाचं, साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात. ती परवानगी किती दिवसांत येईल हे तुझ्या हातात नाही. बाकीच्या तारखा तिच्या मागे लावता येतात. त्याच दिवशी बैलजोडीचा अर्ज. आणि रेकीला जाताना दिग्दर्शक नि डीओपीबरोबर जनरेटरवाल्यालाही गाडीत घे. गल्लीत ट्रक वळतो की नाही हे फक्त तोच सांगू शकतो.

— तुझी ताई